सळई तुटण्याआधीची दहा मिनिटं : वऱ्हाड, वजन आणि परीक्षणयंत्र

मागच्या व्याख्यानात आपण वऱ्हाडात रेल्वे कशी आली ते पाहिलं. आज तिथूनच पुढं जाऊ, पण जरा आडवाटेनं. आजचा विषय आहे परीक्षणयंत्र. म्हणजे लोखंडी सळई ओढून तोडणारं, काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडणारं यंत्र. त्यातही ते तोडणं-फोडणं आज आम्ही बाजूला ठेवणार आहोत. बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या तयारीबद्दल. जबडे कुठले लावायचे, काटा शून्यावर आहे का, कोण कुठं उभं राहणार. इतिहासाच्या मालिकेत हा विषय कशाला, असं काहींनी विचारलं. या तयारीलाही इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग वऱ्हाडच्या कापूसबाजारातून वाचता येतो, म्हणून.

एक ताजी गोष्ट घ्या. जून २०२२मध्ये अमरावती ते अकोला हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. राष्ट्रीय महामार्ग ५३. तुमच्यापैकी कित्येक जण आज त्याच रस्त्यानं आले असतील. पेपरात फोटो आले ते रोलरचे, पेव्हरचे, रात्रीच्या दिव्यांचे. पण डांबरी रस्ता टिकणार की नाही हे आधी एका लहानशा खोलीत ठरतं. डांबर आणि खडीच्या मिश्रणाची चार इंची वडी करतात, ती ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ४० मिनिटं ठेवतात आणि मग यंत्रात मिनिटाला सुमारे ५० मिलिमीटर या वेगानं दाबतात. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या रस्तेखात्यात ब्रूस मार्शल नावाचे अभियंते होते, त्यांच्या नावानं ही मार्शल चाचणी ओळखली जाते.

या चाचणीत एक अट मोठी गमतीची आहे. वडी पाण्यातून काढल्यापासून ती जास्तीत जास्त भाराला पोचेपर्यंत ३० सेकंदांच्या वर वेळ जाता कामा नये. वडी निवते, कडक होते आणि आकडा उगाच मोठा येतो. आता ३० सेकंदांत तुम्ही काय काय करणार? यंत्राचे जबडे पुसणार? मार्गदर्शक दांड्यांना तेल लावणार? डायल शून्यावर आणणार? ते सगळं वडी पाण्यात असतानाच झालेलं असावं लागतं. नाहीतर माणूस घाई करतो, आणि घाईत एक हात जबड्यांत असताना दुसरा हात बटणावर जातो. म्हणजे बोट चेंगरणार तेही त्याच घाईत आणि आकडा चुकणार तोही त्याच घाईत. आजच्या बोलण्यातला आमचा मुद्दा एवढाच आहे. हाताची सुरक्षितता आणि आकड्याचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी समजून आपण भिंतीवर वेगळ्या पाट्या लावतो, पण त्या घडतात एकाच दहा मिनिटांत.

आता मागं जाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोखंड चांगलं की वाईट हे कारखानदाराच्या शब्दावर चालायचं. डेव्हिड किर्काल्डी नावाचा स्कॉटिश माणूस ग्लासगोला रॉबर्ट नेपियर यांच्या कारखान्यात काम करत होता. तिथं त्यानं लोखंडाच्या आणि पोलादाच्या शेकडो नमुन्यांची चाचणी केली आणि मग स्वतःचं यंत्र घडवायचं ठरवलं. लीड्सच्या ग्रीनवुड अँड बॅटले कारखान्यात बांधलेलं, सुमारे ४७ फूट लांबीचं आडवं यंत्र. १८६६च्या आरंभी लंडनच्या सदर्क भागात ते चालू झालं आणि १८७४मध्ये शेजारच्या नव्या इमारतीत गेलं. दारावर त्यानं कोरून घेतलं होतं की इथं मतं नाहीत, वस्तुस्थिती मिळेल. बाणा जरा उद्धट होता, पण ज्या काळात प्रत्येक लोखंडवाला आपलाच माल उत्तम म्हणत होता त्या काळात तो लागतच होता.

२८ डिसेंबर १८७९च्या रात्री वादळात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल कोसळला, गाडीसकट. पुढं चौकशी झाली तेव्हा पुलाचे बिडाचे तुकडे याच किर्काल्डीकडे आले. बिडाच्या कानांना जेवढा ताण सोसायला हवा होता त्याहून फार कमी ताणाला ते तुटत होते. पूल पडल्यावर चाचणी! तिथून पुढं जगभर लोकांच्या ध्यानात यायला लागलं की चाचणी आधी करायची असते.

त्याच साली अमेरिकेत वॉटरटाउनच्या शस्त्रागारात एमरी नावाच्या अभियंत्यानं बांधलेलं मोठं यंत्र तपासून घेतलं. पाच इंच जाडीचा लोखंडी दुवा त्यावर ओढला, तो सात लाख पौंडांहून अधिक भाराला तुटला. तुटताना यंत्राला किती हादरा बसला असेल याची कल्पना करा. लगेच त्याच यंत्रात घोड्याचा एक केस अडकवला आणि तोही ओढून तोडला. त्याचाही भार यंत्रानं नीट दाखवला. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. यंत्र दांडगं आहे याचं कौतुक कोणीही करेल. इथं बघायचं होतं ते वेगळं. एवढा दणका खाल्ल्यावर यंत्र परत आपल्या शून्यावर येतं का?

शून्य! या एका शब्दाचा हात धरून आपण वऱ्हाडात उतरू.

१८५३मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध, मँचेस्टरला अमेरिकन कापूस बंद, आणि इकडच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव. १८६७पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून गेली. गाडी आली तसा कापूस बंडीतून स्टेशनाकडे निघाला. कापूस म्हटला की वजन आलं, वजन आलं की काटा आला, आणि काटा आला की भांडण आलं.

बारदानाचं वजन किती धरायचं? मापाड्यानं किती उचलायचं? दलालाची दलाली किती, धर्मादाय किती, आणि पारडं रिकामं असताना काटा सरळ उभा आहे की एका बाजूला झुकलेला? शेतकऱ्याचं वर्ष त्या झुकावावर अवलंबून. त्यातून १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्यबाजाराचा खास कायदा झाला. शेतमालाच्या बाजाराचं नियमन करणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या कायद्यांत त्याचं नाव घेतात. बाजारसमिती, परवानाधारक मापाडी आणि दलाल, बेकायदा वसुलीला बंदी. हे ऐकायला बरं वाटतं. पण समितीत भरणा व्यापाऱ्यांचा होता आणि कापूस पिकवणाऱ्याला तिथं जागा नव्हती, हेही सांगायला हवं. काटा तपासायला काटेवालाच बसवला, असं आमच्याकडं म्हणतील.

तरीपण एक गोष्ट त्या काळात बाजारात रुजली. माल पारड्यात टाकायच्या आधी रिकामं पारडं बघायचं. अमरावतीच्या कॉटन मार्केटातला निरक्षर शेतकरीही ते बघत होता. आज अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा डायलच्या शून्याकडं न बघता पंप चालू करतो, तेव्हा आम्हाला तो शेतकरी आठवतो.

आता दुसरी बाजू, हाताची.

रेल्वेबरोबर वऱ्हाडात जिन आले आणि प्रेस आले. जिनमध्ये सरकी वेगळी, रुई वेगळी. प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधायची. जुन्या मुंबई बाजाराच्या हिशेबात गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची. जहाजातून जाणाऱ्या मालासाठी पक्की दाबलेली गाठ लागायची, कारण जहाजात भाडं जागेचं असतं. ही पक्की गाठ बांधायची तर जबर दाब हवा, आणि तो देत होता पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेस. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं १७९५मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. लहान पंपानं पाणी थोडं थोडं ढकलायचं, ते मोठ्या दट्ट्याखाली जातं आणि दट्ट्या प्रचंड जोरानं वर येतो.

आता लक्ष द्या. आजच्या कॉलेजातलं हायड्रॉलिक परीक्षणयंत्र तत्त्वानं हेच आहे. पाण्याऐवजी तेल, गाठीऐवजी सळई. भाराचा आकडा दाखवणारी सोय नंतर जोडली गेली. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या अ‍ॅम्सलर यांच्या कारखान्यानं तेलाचा दट्ट्या आणि लंबक यांची जोडी जगभर पोचवली. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाला 'दट्ट्या वर येतो आणि मधे जे असेल ते चेंगरतं' हे परीक्षणयंत्र येण्याच्या किती तरी आधीपासून ठाऊक होतं.

पण त्या माणसाचं रक्षण करायला कायदा होता का? १८८१चा भारतातला पहिला फॅक्टरी कायदा बघा. त्यात यंत्राला कुंपण घालण्याची तरतूद होती, अपघात कळवण्याची होती. मात्र कायदा लागू शंभर आणि त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळलेले. हंगामी धंदा तो, त्यामुळं जिनांना ही वाट मोकळी राहिली. १८९१च्या दुरुस्तीत शंभरचे पन्नास झाले. शिवाय वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथं आपोआप येत नव्हता, वेगळा लागू करावा लागायचा. रोलरपाशी कापूस सारणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी. लुगड्याचा पदर आणि फिरता पट्टा यांचं वैर कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आजही खेड्यात कडबाकुट्टीनं आणि मळणीयंत्रानं गेलेले हात तुम्ही पाहिले असतील.

मग १९२५चा कापूस जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे. दोन, कारखान्यातली वजनं-काटे ठरलेल्या प्रमाणाचेच हवेत. गाठ लिव्हरपूलला फुटली आणि आत दगड निघाला तर कुठल्या प्रेसची, हे कळावं म्हणून अनुक्रमांक. परीक्षणयंत्राच्या तयारीत पहिलं काम कुठलं, असं विचारलं तर बहुतेक विद्यार्थी 'तेल बघणे' म्हणतात. आम्ही म्हणतो, आधी नमुन्यावरचा नंबर आणि रजिस्टरमधला नंबर जुळवा. सळई तुटल्यावर ती कुणाची होती हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

कापसाच्या धाग्याचीसुद्धा ताकद मोजतात, हे इथं सांगून टाकू, कारण अकोल्याचा त्याच्याशी संबंध आहे. १९२१मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि तिनं १९२४मध्ये मुंबईत माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा काढली. अकोल्यात १९६९मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठ झालं, तिथं कापसाच्या वाणांवर संशोधन होतं, आणि नवं वाण म्हटलं की धाग्याची लांबी आणि ताकद मोजणं आलंच. प्रेस्ली नावाच्या छोट्या यंत्रात तंतूंची चपटी लड दोन चिमट्यांत धरतात, चिमटे ठरावीक जोरानं आवळतात आणि उतारावर वजन घरंगळत सोडतात. लड तुटली की वजन थांबतं. चिमटा सैल असेल तर तंतू निसटतात, फार घट्ट असेल तर काठावरच कापले जातात. दोन्ही वेळा आकडा खोटा.

आणि हवा! कापसाचा तंतू दमट हवेत मजबूत होतो, कोरड्या हवेत कमी ताकदीचा भरतो. म्हणून चाचणीआधी नमुना सुमारे ६५ टक्के आर्द्रतेत आणि आपल्याकडं २७ अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. वाण तेच, शेत तेच, फक्त खिडकी उघडी राहिली म्हणून एखाद्या वाणाची ताकद कमी लिहिली गेली तर त्या वाणावर अन्याय, आणि ते पेरणाऱ्यावरही.

आता मोठ्या यंत्राकडं येऊ. अमरावतीत १९५५मध्ये शासकीय तंत्रनिकेतन आणि १९६४मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. १९८३मध्ये बडनेऱ्याचं कॉलेज आलं. अशा संस्थांच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या प्रयोगशाळेत उभं असतं ते युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन. पोरांच्या भाषेत यूटीएम. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ते पुष्कळ वेळा इचलकरंजीच्या 'फाय' कंपनीचं असतं. मागमाग आणि यंत्रमागाच्या गावातून ओढायची-दाबायची यंत्रं देशभर गेली, हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

यंत्र कसं आहे ते डोळ्यापुढं आणा. खाली टेबल, वर आडवा लोखंडी तुळा, आणि हे दोन्ही खांबांनी जोडलेले. खालून दट्ट्या उचलला की दोन्ही एकदम वर जातात. मधे आणखी एक आडवा, तो स्क्रूवर बसलेला, मोटारीनं खालीवर करता येतो. वरच्या दोघांच्या मधे सळई लावली की ओढली जाते, खालच्या दोघांच्या मधे ठोकळा ठेवला की दाबला जातो. म्हणून ते 'युनिव्हर्सल'. बाजूला नियंत्रणाची पेटी. उजवा व्हॉल्व्ह तेल आत सोडतो, डावा तेल परत टाकीत आणतो. जुन्या यंत्रांत मोठी डायल आणि मागं लंबक, लंबकाला वजनं लावून भाराचा पल्ला बदलायचा.

समजा १६ मिलिमीटरची फे-५०० सळई आली. अमरावतीत कुणाचं तरी घर बांधायचं आहे, ठेकेदारानं दोन तुकडे पाठवले. आधी कागदावर हिशेब करा. सळईचा छेद सुमारे २०१ चौरस मिलिमीटर. भारतीय मानकाप्रमाणं तिनं दर चौरस मिलिमीटरला किमान ५४५ न्यूटन सोसायला हवेत. म्हणजे ११० किलोन्यूटन, आणि बरी सळई १२०च्या घरात जाते. हे किती झालं? आजच्या १७० किलोच्या सत्तर-बहात्तर गाठी त्या एका सळईला टांगल्यासारखं. आता ४०० किलोन्यूटनच्या यंत्रात पल्ला कुठला निवडायचा? १०० निवडला तर सळई तुटायच्या आधीच लंबक टोकाला जाऊन आदळेल. ४०० निवडला तर चालेल, पण काटा डायलच्या पहिल्या तिसऱ्या भागातच फिरेल आणि बारकावा जाईल. २०० बरोबर. हा हिशेब न करता बटण दाबणारा माणूस यंत्रही धोक्यात घालतो आणि आकडाही.

मग जबडे. कोणते जबडे किती जाडीला, हे त्यांच्यावर लिहिलेलं असतं. त्यांच्या दात्यांत मागच्या सळयांचा गंज आणि खपल्या भरलेल्या असतात, त्या तारेच्या ब्रशनं काढायच्या. सळई जबड्याच्या लांबीत पुरेशी आत जायला हवी, निदान तीन चतुर्थांश. तोकडी धरली तर ती सरकते. सरकली की आलेखावर एक छोटी पायरी दिसते, आणि नवखा माणूस ती सळईचा नमनबिंदू म्हणून लिहून टाकतो! त्याच वेळी जबड्याच्या काठावर सगळा जोर येऊन काठाचा टवका उडू शकतो. बघा, पुन्हा तेच. एका दुर्लक्षातून खोटा आकडाही निघाला आणि उडणारा तुकडाही.

पुढचं काम म्हणजे बारदान. दट्ट्या, टेबल आणि वरचा आडवा यांचं वजन तेलावरच असतं. म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करून पंप चालू करायचा, उजवा व्हॉल्व्ह हळू उघडून टेबल थोडंसं उचलायचं, तेलावर तरंगू द्यायचं आणि मग काटा शून्यावर आणायचा. सळई तोवर फक्त वरच्या जबड्यात. शून्य लागल्यावर मधला आडवा मोटारीनं जागेवर आणायचा आणि खालचा जबडा आवळायचा. इथं एक नियम पक्का आहे. सळई दोन्हीकडून आवळल्यावर ती मोटार चालवायची नाही. ती फक्त जागा जुळवण्यासाठी आहे. तिनं सळई ओढायला गेलात तर किती भार आला यावर तुमचा ताबा राहत नाही आणि स्क्रूचे-गिअरचे दात जातात. पुष्कळ ठिकाणी या बटणावर लाल टेप लावलेली दिसते. ती टेप कुणाच्या अनुभवातून आली असेल, याचा विचार करा.

सळई तुटताना आवाज मोठा येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आवाजापेक्षा आत साठलेल्या ऊर्जेचा हिशेब बघा. जबड्यांमधली सळई ४०० मिलिमीटर असेल तर तुटण्याच्या क्षणी ती लवचिकपणे जवळपास १.२ मिलिमीटर ताणलेली असते. १२० किलोन्यूटनला त्यात सुमारे ७० ज्यूल साठतात. सात किलोचा दगड एक मीटरवरून पायावर पडावा तेवढे. खांबांत आणि तेलात साठतात ते वेगळेच. हे सगळं एका क्षणात सुटतं. म्हणून जाळी किंवा पारदर्शक पडदा लावायचा. म्हणून सळईच्या सरळ रेषेत डोकं न्यायचं नाही. ताण वाढला की सळईवरच्या काळ्या खपल्या उडतात, म्हणून चष्मा. लांबी मोजायचं नाजूक उपकरण सळईवर अडकवलेलं असतं, ते नमनबिंदू गेल्यावर काढून घ्यायचं, आणि ते काढायला कोण हात घालणार हे आधीच ठरलेलं असावं. त्या वेळी व्हॉल्व्हवर दुसरा माणूस हवा आणि दोघांनी एकमेकांशी बोलत राहायला हवं. वीस मुलं यंत्राभोवती कोंडाळं करून उभी असतात, हे चित्र आम्ही अनेक ठिकाणी पाहिलं आहे. ओढणी, सैल बाह्या, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र. जिनातल्या पदराची गोष्ट शंभर वर्षांनी नव्या कपड्यात येते.

काँक्रीटच्या ठोकळ्याबद्दल थोडक्यात. १५० मिलिमीटरचा घन, एम-२० काँक्रीट. २८ दिवसांनी त्यानं ४५० किलोन्यूटन सोसायला हवेत, म्हणजे जवळपास ४६ टन. ठोकळा ज्या बाजूनं ओतला ती खरबरीत बाजू वर ठेवायची नाही, आडवा करून साच्याच्या गुळगुळीत बाजू दाबपाट्यांना लावायच्या. पाट्यांवर मागच्या ठोकळ्याचे खडे राहिले असतील तर एका खड्यावर जोर येतो, ठोकळा अकाली फुटतो आणि चांगलं काँक्रीट नापास होतं. उलटही घडतं, आणि ते जास्त वाईट. भार वाढवण्याचा वेग ठरलेला असतो, दर मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरला १४० किलो. घाईघाईनं दाबला की ठोकळा खरा असतो त्याहून मजबूत दिसतो. संध्याकाळी पाच वाजता रांगेत बारा ठोकळे असले की व्हॉल्व्ह जरा जास्तच उघडला जातो, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा.

आणि अशा आकड्यावर पुढं स्लॅब उभा राहतो.

प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यानं विचारलं आहे की आता संगणकावर चालणारी यंत्रं आली, शून्य एका बटणावर लागतं, पल्ला आपोआप बदलतो, मग हे सगळं जुनं पुराण कशाला? प्रश्न रास्त आहे. नव्या यंत्रांत सोयी खरोखरच चांगल्या आहेत. आडवा कुठं थांबायचा याच्या मर्यादा लावता येतात, भार हद्दीबाहेर गेला की यंत्र आपण होऊन थांबतं, तातडीनं बंद करायचं लाल बटण हाताशी असतं. पण त्या मर्यादा लावायच्या कुणी? नमुना बदलला की त्या पुन्हा लावाव्या लागतात, आणि कालच्या ठोकळ्यासाठी लावलेली मर्यादा आजच्या सळईला उपयोगाची नसते. शून्याच्या बटणाचंही तसंच. सळई दोन्ही जबड्यांत आवळलेली असताना, तिच्यावर आधीच दोन-तीन किलोन्यूटन आलेले असताना बटण दाबलं, तर यंत्र निमूटपणे त्यालाच शून्य म्हणतं. डायलचा काटा तिथं थोडा पुढं सरकलेला डोळ्यांना दिसत होता. पडद्यावर गुळगुळीत शून्य दिसतं. लाल बटण चालतं की नाही हे सकाळी रिकाम्या यंत्रावर एकदा दाबून बघायचं असतं. ते किती जण बघतात, हा आमचा तुम्हाला उलट प्रश्न.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे, अकोल्याहूनच आलेला. एप्रिल-मेमध्ये चाचण्या घ्याव्यात का? धातूच्या ओढचाचणीसाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंशांच्या मधे असावं असं मानक सांगतं. पत्र्याच्या शेडमधल्या प्रयोगशाळेत दुपारी दोन वाजता ते पाळणं शक्य नाही. अशा गरमीत तेलही पातळ होतं, दट्ट्याच्या बाजूनं जास्त झिरपतं आणि भार स्थिर धरणं अवघड जातं. कूलर लावून भागत नसेल तर चाचण्या सकाळी सात ते दहा घ्याव्यात, तापमान रजिस्टरमध्ये लिहावं आणि दुपारचा वेळ जबडे धुण्यात घालवावा. कापसाच्या प्रयोगशाळांना हे गणित फार पूर्वीपासून ठाऊक आहे, लोखंडवाल्यांनी ते त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.